जाहिरात, गाणं आणि रील घेऊन नववीच्या वर्गात लिंगभाव आणि लैंगिकता कशी शिकवावी?

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या ठिकाणची मराठी माध्यमाची शाळा, नववीत मुलंमुली मिळून साठ, आठवड्याला एक तासिका हाताशी. मुख्याध्यापकांना 'लैंगिक शिक्षण' हा शब्द वेळापत्रकात नको आहे, पण मुलं मोबाईलवर जे बघतात त्यावर कुणीतरी बोलायला हवं हे त्यांनाही पटतं. तर जाहिराती, गाणी, रील्स यांच्या निमित्ताने लैंगिकता आणि लिंगभाव (मुलगा किंवा मुलगी म्हणून कसं असावं याच्या समाजाने ठरवलेल्या कल्पना) हा विषय शिकवता येईल का, आणि नेमका कसा?

येतो. 'तुला कुणी आवडतं का' असं विचारलं की चौदा वर्षांचं मूल मान खाली घालतं. 'त्या जाहिरातीतला तो तिच्या मागे का लागलाय' म्हटलं की मागच्या बाकावरूनही उत्तरं येतात. पडद्यावरचं पात्र मध्ये असलं की मुलांना स्वतःबद्दल काही न सांगता स्वतःच्या मनातलं बोलता येतं.

बहुतेक उपक्रम फसतात ते यापुढे. जाहिरातीची चिरफाड करून मुलांना 'हे सगळं खोटं आहे' इथवर आणणं अजिबात कठीण नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो: मग खरं काय? त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नसेल तर मुलं ते पुन्हा मोबाईलवरच शोधतात, आणि या वेळी तुमच्याच तासिकेने चाळवलेल्या कुतूहलाने. म्हणून माझा नियम असा, की वर्गात दाखवायच्या प्रत्येक तुकड्यामागे शरीराबद्दलची, नात्याबद्दलची किंवा कायद्याची पानभर खात्रीची माहिती आधी लिहून ठेवायची. पान लिहिता येत नसेल तर तो तुकडा बाजूला.

२००७ मध्ये गदारोळ होऊन महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, तेव्हापासून शाळा या विषयाला बिचकतात. तासिकेला 'माध्यम साक्षरता व किशोरवयीन आरोग्य' असं नाव द्या, हरकत नाही. आत काय शिकवणार ते मात्र मुख्याध्यापक आणि पालकांपासून लपवू नका. लपवलेलं तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतं आणि मग सगळंच बंद पडतं.

सामग्री गोळा करताना

व्हिडिओ ६० ते ९० सेकंदांचा, त्याहून मोठा नको. एका तासिकेत एकच, फार तर तुलनेसाठी दोन. तो आधी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या. वर्गात थेट यूट्यूब लावलं तर आधी भलतीच जाहिरात येते, शेजारी भलतीच चित्रं दिसतात, संपल्यावर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि साठ मुलांची नजर तिकडे जाते. स्मार्ट टीव्हीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, तेव्हा स्पीकर वेगळा न्या. कमेंट्स वाचायच्या असतील तर स्क्रीनशॉट काढून नावं आणि फोटो पुसून घ्या.

चित्रपट आणि वेब मालिकांवर आता यूए १३+, यूए १६+ अशी वयोगटाची वर्गवारी लिहिलेली असते. नववीला यू आणि यूए १३+ च्या पुढे जाऊ नका. यूए १६+ मधलं दृश्य मुलांनी घरी पाहिलेलं असेल, त्यावर बोला, पण शाळेने ते दाखवू नये. शिकवण्यासाठी शिक्षकाने एखादा उतारा वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, तेव्हा त्या बाजूने काळजी नाही.

पहिली तासिका: मोजणी

सुरुवात पडद्याने नको, कागदाने करा. चार-चारचे पंधरा गट, प्रत्येकाला रविवारचं एक वर्तमानपत्र पुरवण्यांसकट. पाच रकान्यांचा तक्ता: चित्रात कोण, हातात काय, नजर कुणाकडे, शरीर कसं (ताठ उभं, टेकलेलं, वाकलेलं) आणि वस्तू विकत कोण घेणार. प्रत्येक गटाने आठ जाहिराती नोंदवायच्या. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात जाहिरातींमधली छायाचित्रं साधारण याच नजरेने तपासली होती. पुरुषाचा हात वस्तू घट्ट धरतो आणि बाईची बोटं तिला नुसती शिवतात, हे त्याचं निरीक्षण मुलांना भलतंच आवडतं. एकदा सांगितलं की ती आठवडाभर बोटंच बघत फिरतात.

अडचण येते ती 'मुख्य पात्र कोण' यावर. व्याख्या आधी ठरवा: चेहरा सर्वांत मोठा दिसतो तो, किंवा वस्तू ज्याच्या हातात आहे तो. एकच जाहिरात दोघांनी एकमेकांचं न बघता नोंदवायची आणि मग ताडून पाहायची. जिथे जुळत नाही तिथे खरी चर्चा होते. आकडे फळ्यावर मांडताना 'म्हणजे सगळ्याच जाहिराती अशा' असं म्हणू देऊ नका. एका रविवारचं एक वर्तमानपत्र, एवढंच आपण मोजलंय.

याच तासिकेला जोडून 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' यांतली दहा-बारा टिपणं टंकून वाटता येतात. आडनाव आणि फोन नंबर काढून टाका. मुलीबद्दल कोणती विशेषणं आहेत, मुलाबद्दल कोणती, पगार कुणाचा लिहिलाय आणि रंग कुणाचा, हे मुलं पाच मिनिटांत सांगतात. इथे जातही येते. ती गाळून पुढे जाऊ नका, पण चर्चा कागदावरच्या मजकुरापुरती ठेवा. 'आमच्यात असं चालतं' असं कुणी म्हणू लागलं तर लगेच मजकुराकडे परत आणा, नाहीतर वर्गातल्या एखाद्या मुलाची जात चर्चेला येते.

पाठ्यपुस्तकही विसरू नका. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली आणि घरकामात पुरुषही दाखवले, त्याची बातमी झाली होती. ते पुस्तक आणि शाळेच्या कपाटातलं एखादं जुनं पुस्तक शेजारी ठेवलं की 'माध्यम म्हणजे फक्त मोबाईल' हा समज आपोआप जातो.

एक तासिका जवळून

कॅडबरीच्या दोन जाहिराती यासाठी फार सोयीच्या आहेत. १९९० च्या दशकातल्या जाहिरातीत फलंदाज षटकार मारतो आणि प्रेक्षकांतली मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून नाचत मैदानात शिरते. २०२१ मध्ये कंपनीने तीच जाहिरात उलटवून पुन्हा केली: फलंदाज बाई, नाचत येणारा पुरुष.

जुनी आधी लावा. पहिल्या वेळी एकही प्रश्न नाही, हसू द्या, गुणगुणू द्या. दुसऱ्या वेळी आवाज बंद. तिसऱ्या वेळी पडदा झाकून नुसता आवाज. मग फळ्यावर दोन रकाने, 'दिसलं' आणि 'वाटलं'. पहिली दहा मिनिटं 'दिसलं' मध्ये विशेषण चालणार नाही. 'ती बिनधास्त आहे' हे 'वाटलं' मध्ये जातं, 'ती रक्षकाच्या हाताखालून गेली' हे 'दिसलं' मध्ये. नववीच्या मुलांना हा फरक जमायला वेळ लागतो. पण लागेल तेवढा वेळ इथेच द्या, कारण पुढच्या सगळ्या तासिका या दोन रकान्यांवर उभ्या आहेत. मुलीच्या कपड्यांवरून 'ती तशीच' म्हणणारा मुलगा उद्या वर्गात असेल. तेव्हा त्याला ओरडण्यापेक्षा 'हे कोणत्या रकान्यात?' एवढं विचारलं तरी पुरतं.

मग नवी जाहिरात, आणि एकच प्रश्न: काय बदललं, काय बदललं नाही? बदललेलं पटकन सांगतात. न बदललेल्यासाठी थांबावं लागतं. खेळ तोच, नाच तोच, गाणं तेच, शहरी देखणी तरुण माणसं तीच, चॉकलेट तेच. कुणीतरी म्हणतंच, 'पण मॅडम, शेवटी विकायचंच आहे.' शाबासकी द्या, पण त्यावर तासिका संपवू नका. विकण्यासाठी केली म्हणून त्यातला विचार खोटा ठरत नाही, आणि विचार चांगला म्हणून कंपनी साधू होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या वयात उमगलं तर बरंच काही साधलं.

शेवटची सहा मिनिटं लेखनाची. प्रत्येकाने चार-पाच ओळी लिहायच्या: आज काय नवीन दिसलं, आणि ही जाहिरात मी केली असती तर काय बदललं असतं. हा भाग वेळ नाही म्हणून सर्रास गाळला जातो, आणि तोच गाळायचा नसतो. अमेरिकेत सहारा बर्न यांनी माध्यमांतल्या हिंसेवर शाळकरी मुलांबरोबर प्रयोग केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते तुकडे दाखवून चर्चा केलेल्या गटात आक्रमकतेकडे कल उलट वाढलेला दिसला. ज्यांनी शिकलेल्यावर स्वतः लिहिलं आणि ते वाचून दाखवलं त्यांच्यात तसं झालं नाही. विषय वेगळा असला तरी धडा आपल्याला लागू आहे: साचा दाखवून सोडून दिला तर साचाच लक्षात राहतो.

भिंतीवरचे डॉक्टर

शरीराची माहिती देण्यासाठी सर्वांत उपयोगी माध्यम कोणतं म्हणाल तर एसटी स्टँडमागची भिंत. 'गुप्तरोग, स्वप्नदोष, कमजोरी, हमखास इलाज', खाली मोबाईल नंबर. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही असतं: अमुक तारखेला अमुक लॉजवर डॉक्टर भेटतील. मजकूर टंकून न्या (नंबर काढून) आणि विचारा: डॉक्टरची पदवी कुठे लिहिली आहे? दवाखाना सोडून लॉज का? सगळ्या आजारांवर एकच औषध कसं? कशाची भीती घातली आहे, आणि ती भीती कुणाला वाटते?

इथे ते पान हवं. झोपेत वीर्य बाहेर पडणं वयात येताना होतंच, तो आजार नाही. एका वेळी बाहेर पडणारं वीर्य साधारण २ ते ५ मिलिलिटर असतं. त्यातल्या शुक्रपेशी वृषणात तयार होतात, बाकीचा द्रव इतर ग्रंथींमधून येतो, आणि शरीर ते सतत बनवत राहतं. रक्ताचे इतके थेंब म्हणजे वीर्याचा एक थेंब, ही कथा आहे. हस्तमैथुनाने अशक्तपणा, चष्मा, मुरुमं, वंध्यत्व यांतलं काही येत नाही. ती खाजगी गोष्ट आहे, एवढंच. लिंगाच्या लांबीत माणसागणिक फरक असतो आणि तेल लावून ती बदलत नाही. ही वाक्यं सरळ चेहऱ्याने, जीवशास्त्राच्या तासाला बोलावीत तशी बोला. पहिल्या मिनिटात खसखस पिकेल. थांबा, पुढे चला. दुसऱ्या मिनिटाला वर्ग शांत होतो, कारण हे ऐकायला ती मुलं केव्हाची थांबलेली असतात.

शेवटी कायदा: औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायलाच या कायद्याने बंदी आहे. म्हणजे भिंतीवरचा तो मजकूर मुळात बेकायदा. ही एक गोष्ट कळली की भीतीची जागा राग घेतो, आणि राग इथे उपयोगी आहे.

महाराष्ट्रात हे बोलणं नवं नाही, हेही मुलांना सांगा. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

पॅडमधलं निळं पाणी

सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं निळा द्रव ओततात. २०२० मध्ये एका भारतीय जाहिरातीत लाल रंग दिसला तर तक्रारी झाल्या. 'निळाच का?' एवढ्या प्रश्नावर अख्खी तासिका जाते. मुलगेही वर्गात असावेत. शरीराची मूलभूत माहिती मुलामुलींना आधी वेगवेगळं बसवून दिली तरी चालेल, प्रश्न मोकळेपणाने येतात. माध्यमांची चर्चा मात्र एकत्रच व्हावी, नाहीतर एकमेकांचं ऐकायचं राहून जातं.

पानावर लिहून ठेवा: पाळी २ ते ७ दिवस, किशोरवयात चक्र २१ ते ४५ दिवसांपर्यंत मागेपुढे होऊ शकतं, रक्तस्राव एकूण साधारण ३० ते ४० मिलिलिटर. चहाच्या चमच्याने लाल रंगाचं पाणी आठ चमचे मोजून पेल्यात ओतून दाखवा. 'एवढंच?' हे पहिलं वाक्य बहुधा मुलग्यांकडून येतं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. सतत खूप जास्त रक्तस्राव किंवा शाळा बुडण्याइतकं दुखणं असेल तर डॉक्टर. मग जाहिरातीकडे परत: यातली कोणती गोष्ट जाहिरातीने सांगितली? पांढरी पँट, उड्या, 'डाग नाही, वास नाही', म्हणजे तिने विकली ती लाज. लाज नसती तर तेच पॅड कसं विकलं असतं, हा घरचा अभ्यास.

गोरेपणाच्या क्रीमवर फार वेळ घालवू नका, तो विषय मुलांना पाठ झालेला असतो आणि ती अपेक्षित उत्तरं देतात. १९७५ पासून विकली जाणारी 'फेअर अँड लव्हली' २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदलल्यावर जाहिरातीतल्या चेहऱ्यांचं काय झालं, एवढं पाहायला सांगा. त्यापेक्षा मुलग्यांच्या शरीराकडे वळा: जिमच्या रील्स, प्रोटीनचे डबे, सिमेंटच्या आणि बनियनच्या जाहिराती, 'मर्द' हा शब्द. लिंगभाव म्हणजे फक्त मुलींवरचा अन्याय असा सूर लागला की मुलगे हाताची घडी घालून बसतात. आपल्यावरही कुणीतरी काहीतरी लादतंय हे दिसलं की तेच पुढे सरसावतात.

गाणं चाल काढून वाचा

नायक मागे लागतो, ती नाही म्हणते, तो थांबत नाही, शेवटी ती हसते: असं गाणं मुलांनाच निवडू द्या, हिंदी-मराठीत तोटा नाही. मग चाल काढून टाका. एकाने त्याच्या ओळी, एकीने तिच्या, सपाट आवाजात संवादासारख्या वाचायच्या. तिच्या वाट्याला ओळीच नसतात, हे पहिल्यांदा तेव्हा कानाला कळतं. मग तोच प्रसंग व्हॉट्सॲप चॅट म्हणून लिहायला द्या: त्याचे बारा मेसेज, तिचा एकदाच 'नको', त्यानंतर त्याचे आणखी पाच. गाण्यात जे लाडिक वाटलं ते मेसेजमध्ये वाचताना नकोसं होतं.

मग संमतीची माहिती. घाबरून, दमून, कंटाळून दिलेला होकार हा होकार नव्हे. आधी दिलेला होकार मागे घेता येतो. गप्प राहणं म्हणजे हो नाही. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, ऑनलाइन नजर ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. त्यासोबत मुलग्यांना एक गोष्ट आवर्जून द्यावी लागते: मग विचारायचं कसं, आणि नकार आला तर काय करायचं? 'ठीक आहे' म्हणून निघून जाण्याचा सराव वर्गात जोडीजोडीने करून घ्या. सिनेमात हे वाक्य फार कमी वेळा ऐकू येतं.

साडीतला विनोद

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष हमखास असतो. दीड मिनिटाचा तुकडा घ्या आणि 'हशाची नोंद' करा: हशा कोणत्या सेकंदाला आला, त्याच्या लगेच आधी काय झालं. शब्दावर आला, चालीवर आला, की नुसत्या साडीवर? नोंद पूर्ण झाली की बालगंधर्वांचं छायाचित्र ठेवा. तेही साडीतच होते, पण बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत. मग गणपत पाटील, ज्यांना तमाशापटांतल्या नाच्याच्या भूमिकेने असं चिकटून ठेवलं की दुसरं काही मिळेना. पुरुषाने बाईपण वठवणं तेच आणि प्रेक्षकाची नजर तीन तऱ्हांची.

इथून तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींकडे जाता येतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली, २०१८ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. एखाद्या पुरुषाला पुरुष आवडणं हा आजार नाही, संगतीचा परिणामही नाही. एक पथ्य काटेकोर पाळा: साठ मुलांच्या वर्गात असं मूल बसलेलं आहेच असं धरून बोला, आणि 'आपल्यात कुणी आहे का' हा प्रश्न गमतीतही निघू देऊ नका. ज्याच्याकडे सगळे वळून बघतात त्या मुलाचं पुढचं वर्ष कठीण जातं.

पोर्नबद्दल, काहीही न दाखवता

मुलांनी ते पाहिलेलं असतं, किंवा पाहिलेल्याकडून ऐकलेलं असतं. टाळलात तर बाकीच्या तासिकांवरचा विश्वास कमी होतो. पण एकही चित्र, एकही थंबनेल दाखवायचं नाही. मुलांना अश्लील सामग्री दाखवणं पॉक्सो कायद्याखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अंगाशी येऊ शकतं, आणि त्याची गरजही नाही. सिनेमातल्या मारामारीपासून सुरुवात करा: एक ठोसा, दहा माणसं उडतात, नायकाला खरचटतही नाही. हे कसं केलं ते मुलं झटपट सांगतात: निवडलेली माणसं, सराव, तुकडे जोडणं, नको ते कापणं. तेच सगळं तिथेही असतं. न दाखवलेल्या गोष्टींची यादी तुम्ही द्या: विचारणं, थांबणं, 'दुखतंय' म्हणणं, निरोध, हसणं, घाबरणं, नंतर एकमेकांची विचारपूस. तिथल्या शरीरांशी आणि वेळेशी स्वतःची तुलना करू नका, हे वाक्य स्पष्ट म्हणा. पहिल्या वेळी रक्त यायलाच हवं हाही पडद्याने पोसलेला समज. योनिपटलावरून, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यावरून, कौमार्य ओळखता येत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचण्या बंद करा असं आवाहन केलं आहे.

कायद्यातली एक बाब घाबरवण्यासाठी नाही, पण सांगायलाच हवी. अठरा वर्षांखालील कुणाचाही नग्न किंवा लैंगिक फोटो बाळगणं, पुढे पाठवणं गुन्हा आहे, स्वतःहून पाठवलेला असला तरी. यापुढचं वाक्य आणखी महत्त्वाचं: फोटो बाहेर गेला असेल तर चूक पसरवणाऱ्याची, लगेच सांगा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, १९३० सायबर तक्रारीसाठी, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. नंबर वहीत लिहून घ्यायला लावा, फळा पुसला जातो.

फोनशिवाय अल्गोरिदम

अल्गोरिदम म्हणजे पुढे काय दाखवायचं हे ॲप ज्या रीतीने ठरवतं ती रीत. ती समजावायला शाळेत फोन नकोच. चार रंगांचे चाळीस पत्ते करा: विनोद, क्रिकेट, जिम आणि सौंदर्य, मुलींवरचे टोमणे. प्रत्येक पत्त्यावर एका रीलचं एका ओळीत वर्णन. जोडीत एक 'ॲप', एक 'बघणारा'. ॲप चार रंगांचा एकेक पत्ता दाखवतं. बघणारा ज्यावर थांबतो, पुढच्या फेरीत त्या रंगाचे दोन पत्ते जास्त. पाच फेऱ्यांनंतर हातातले पत्ते मोजा. टोमण्यावर राग आला म्हणून थांबलेल्यालाही टोमणेच मिळतात, आवड आणि राग यांतला फरक ॲपला कळत नाही, हे मुलं स्वतः शोधतात. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसा उल्लेख हवा असं जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात घरच्या फोनवर असे तीन उल्लेख शोधून आणायचे.

प्रश्नपेटी आणि तिच्यातून येणारं

प्रत्येक तासिकेच्या शेवटी सारख्या आकाराची चिठ्ठी, एफोर कागदाचा चौथा भाग. सगळ्यांनी लिहायचंच, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' असं तीनदा. असं केलं नाही तर कोण लिहितंय ते दिसतं आणि पेटी रिकामी राहते. चिठ्ठ्या वर्गात उघडू नका. घरी वाचून तीन ढीग करा: माहितीचे, मताचे, आणि ज्यात कुणालातरी त्रास होतोय असं वाटतं ते. पहिल्यांची उत्तरं द्या. दुसऱ्यांवर चर्चा घ्या, स्वतःचं मत लादू नका. तिसऱ्यासाठी त्याच दिवशी हालचाल.

पहिल्याच तासिकेत सांगून ठेवा: तुमचं बोलणं मी चारचौघांत नेणार नाही, पण कुणाला इजा होत असेल तर मला मदत आणावीच लागेल. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधी देऊ नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुणालाही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना ती कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली शिक्षापात्र. आधी शाळेत चौकशी करून खात्री करू, हा विचार सोडा. मुलाकडून तपशील खोदून काढू नका, जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. शाळेची सखी-सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) कार्यक्रमाआधीच जागी करून ठेवलेली बरी.

पालक

पहिल्या तासिकेआधी पाऊण तासाची सभा. भाषण नको. भिंतीवरची ती जाहिरात दाखवा आणि विचारा, हे वाचून मुलाने घरी प्रश्न केला तर काय सांगाल? 'यामुळे नको ते कळेल' हा आक्षेप येतोच. कळलेलं आहे आणि चुकीचं कळलेलं आहे, हे त्या कागदावरून त्यांना दिसतं. तासिकांचे विषय एका पानावर छापून द्या. एखादे पालक मूल बसवायचं नाही म्हणाले तर वाद घालू नका. त्या वेळी मुलाला ग्रंथालयात बसू द्या, सगळ्यांसमोर बाहेर काढू नका.

शेवटची दोन कामं

मुलांकडून काहीतरी बनवून घ्या: अर्ध्या मिनिटाची जाहिरात, आधी सहा चौकटींत कागदावर. पहिल्या खेपेला बहुतेक गट नुसती अदलाबदल करतात, मुलगा झाडू मारतो, मुलगी पेपर वाचते, आणि सगळे हसतात. हशाची नोंद आठवा आणि तीच आता त्यांच्या जाहिरातीला लावा: झाडू हातात घेतलेला मुलगा विनोदी का वाटला? दुसरा मसुदा नेहमी बरा होतो. चित्रीकरण शिक्षकाच्याच फोनवर, कुठेही पोस्ट करायचं नाही, वर्गात दाखवून झालं की सगळ्यांसमोर पुसायचं.

मूल्यमापन 'स्त्री-पुरुष समान आहेत, सहमत का' असल्या प्रश्नांनी करू नका. उत्तर काय द्यायचं हे मुलांना आधीच माहीत असतं. महिन्याभराने न पाहिलेली एक जाहिरात दाखवा आणि दहा मिनिटं लिहायला द्या. चार गोष्टी तपासा: दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहिलं का, कुणी आणि कशासाठी बनवलं हे विचारलं का, कोण दिसत नाही हे लक्षात आलं का, आणि जिथे जाहिरातीचा दावा चुकीचा आहे तिथे बरोबर माहिती दिली का. या चौथ्या गोष्टीत सगळ्यांत जास्त मुलं अडतात. ज्या विषयावर ती अडली त्याचं पान पुन्हा घ्या, आणि पुढच्या जूनमध्ये जाहिराती नव्या शोधा, कारण धाकट्या भावंडांनी तोवर जुन्यांची उत्तरं ऐकलेली असतात.